मानेवरचा मळ

नरक चतुर्दशीची पहाट होती. बंबातले पाणी तापले होते आणि मी धाकट्या लेकीच्या अंगाला उटणे लावीत होते. ती तेव्हा 15 वर्षांची होती. केस वर बांधल्यामुळे तिची मान उघडी पडली आणि मागच्या बाजूला, कातडीच्या घडीत, मला एक काळसर, जाडसर पट्टा दिसला. मी उटण्याची वाटी बाजूला ठेवली, वज्री घेतली आणि घासू लागले.

"आई, आग होते," ती म्हणाली.

"मळ आहे तो. निघेपर्यंत होणारच," मी उत्तर दिले.

मळ निघाला नाही. त्यानंतरच्या कितीतरी रविवारी मी बेसन, लिंबू, दही असे सारे करून पाहिले. मान लाल व्हायची, कधी सोलवटायची. पट्टा मात्र तसाच राहायचा. तो मळ नव्हताच, हे कळायला मला पुढे नऊ वर्षे लागली. त्या नऊ वर्षांविषयी लिहावे, असे अलीकडे वाटू लागले आहे, कारण माझ्यासारख्या आया घरोघरी आहेत आणि त्यांच्या हातातही कोणती ना कोणती वज्री आहे.

आम्ही नेरचे. यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. जुनी माणसे अजूनही 'नेर परसोपंत' असे पूर्ण नाव घेतात. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर. मी प्राथमिक शाळेत 28 वर्षे शिकवले आणि माझे यजमान बाजार समितीत मापारी होते. त्यामुळे वजन हा आमच्या घरी पोटापाण्याचा विषय. काट्यावर आलेला आकडा खरा आणि बाकी सारी बोलणी, असे आम्ही दोघेही मानीत आलो होतो.

धाकटी जन्मली तेव्हा साऱ्यांनी तिचे कौतुक केले. "गुटगुटीत आहे हो बाळ," असे म्हणत शेजारणी तिला कडेवर घेत. दहाव्या-अकराव्या वर्षांपर्यंत हे कौतुक टिकले. मग एका वर्षी भुलाबाईच्या गाण्यांना ती मैत्रिणींबरोबर गेली असता खिरापत वाटताना एक काकू सहज म्हणून गेल्या, "इले अर्धीच द्या, हे तं आधीच भरली हाय." सगळ्या पोरी हसल्या. काकूंच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्या वर्षानंतर लेक भुलाबाईला गेली नाही. मी कारण विचारले नाही, कारण मलाही मनातून काकूंचे म्हणणे पटले होते.

वयात आल्यावर तिचे वजन झपाट्याने वाढू लागले. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे. दुपारी शाळेतून आली की तिला ग्लानी येई. रात्री ती घोरत असे. या साऱ्या गोष्टी मला दिसत होत्या. पण प्रत्येकीचे एकच कारण माझ्याजवळ तयार होते. खाते फार, हलत नाही आणि मन घट्ट नाही. सकाळी मध-लिंबूपाणी, सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास, रात्रीचे जेवण बंद, असे प्रयोग मी तिच्यावर केले. जेवताना तिच्या ताटातल्या पोळ्या मी मोजीत असे. तोंडाने काही बोलत नसे. पण तिने पोळीकडे हात नेला की माझी नजर तिच्या हाताबरोबर जाई. थोरला मुलगा शेजारीच बसून चार पोळ्या आणि वर भात खाई. त्याच्या पोळ्या मला कधी मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

फेब्रुवारी 2017 मधला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका स्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून मुंबईतल्या 'भारी' बंदोबस्ताची थट्टा केली होती. ते अधिकारी मुंबईचे नव्हतेच. ते मध्य प्रदेश पोलीस दलातले होते. आपले वजन खाण्यामुळे नव्हे, तर आजारामुळे वाढले, असे त्यांना साऱ्या देशासमोर सांगावे लागले. पुढे मुंबईतच त्यांच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. परंतु हे सारे नंतरचे. ते छायाचित्र आमच्याही घरी मोबाइलवर आले, तेव्हा आम्ही हसलो. मीही हसले. लेक तेव्हा बारावीत होती. ती पुस्तक मिटून आत निघून गेली.

बारावीनंतर ती अमरावतीला शिकायला गेली. दुसऱ्या वर्षी दिवाळीला आली तेव्हा ओळखू येईना, इतकी उतरली होती. पाच महिन्यांत 14 किलो. मी सर्वांना अभिमानाने सांगत सुटले. नंतर कळले की, ती दिवसातून एकदाच जेवत होती आणि तिचे केस मुठीने गळत होते. वर्षभरात ते 14 किलो परत आले, वर आणखी तीन आले. मी म्हणाले, "मिळवलेले टिकवता येत नाही तुला." त्यानंतर तिने दवाखान्यात जाणेच सोडले. सर्दी-तापासाठीसुद्धा ती औषधाच्या दुकानातून गोळी आणून घेई. खूप नंतर तिने मला कारण सांगितले. घसा दुखतो म्हणून ती एका दवाखान्यात गेली होती. तिथे घशात न डोकावताच 'आधी वजन कमी करा' असे तिला सांगण्यात आले आणि रांगेतली माणसे वळून पाहू लागली. "घरी ताटावर ऐकायचे, तिथे काट्यावर ऐकायचे. मग कशाला जायचे?" असे तिचे म्हणणे.

डिसेंबर 2023 मध्ये तिला यवतमाळला नोकरी लागली आणि तंदुरुस्तीचा दाखला हवा म्हणून नाइलाजाने ती डॉक्टरांकडे गेली. मी बरोबर होते. डॉक्टर बाई मध्यमवयीन होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितले, नोकरीची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "वजन करायचे आहे. चालेल ना तुला?" लेकीने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. आजवर काट्यावर उभे राहण्याविषयी तिला कोणी विचारलेच नव्हते. सारे फक्त सांगत आले होते.

वजन 91 किलो भरले. उंची 158 सेंटिमीटर. डॉक्टरांनी तिची मान पाहिली आणि विचारले, "हे किती वर्षांपासून आहे?" मी घाईघाईने म्हणाले, "घासून घासून थकले मी, निघतच नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "घासू नका. हा मळ नाही. तिचे शरीर इतकी वर्षे आपल्याला काही सांगत होते, ते हे आहे."

त्यांनी जे समजावले, ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपण खाल्लेल्या अन्नातील साखर रक्तातून पेशींमध्ये जावी, यासाठी इन्सुलिन हे संप्रेरक लागते. काहींच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करीत राहते. रक्तातील हे वाढलेले इन्सुलिन मानेच्या, काखेच्या घडीतील त्वचेच्या पेशींना भराभर वाढायला लावते आणि कातडी जाड, काळसर, मखमली दिसू लागते. तेच वाढीव इन्सुलिन मुलींच्या बीजकोशांचे काम बिघडवण्यातही भाग घेते, पाळी लांबते आणि चरबी साठणे सोपे होते. तपासण्यांत लेकीला पीसीओएस असल्याचे निष्पन्न झाले. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी 6.2 आली, 5.7 ते 6.4 ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी समजतात. घोरण्याचीही स्वतंत्र तपासणी करावी लागली. ज्या चार गोष्टींना मी आळस आणि बेशिस्त म्हणत आले होते, त्यांना चार वैद्यकीय नावे होती.

घरी परतताना यष्टीत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. पंधराव्या वर्षी त्या पट्ट्याकडे वज्री न घेता पाहिले असते, तर नऊ वर्षे वाचली असती. तो हिशेब मी आजही करते.

त्यानंतर मी वाचू लागले. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच एक तुलना प्रसिद्ध केली होती. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. म्हणजे काट्यावर आणि उंचीपट्टीवर दोघे सारखे, आतून मात्र निराळे. भारतीयांच्या शरीरात तेवढ्याच वजनाला चरबी अधिक आणि तीही पोटाभोवती साठते. म्हणूनच जगात 30 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तर आपल्याकडे बीएमआय 23 झाला की सावध होतात आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर स्त्रियांत 80 आणि पुरुषांत 90 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा, असेही सांगतात.

हे मी यजमानांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कापसात पाणी किती, हे काट्याले कधी कळलं? त्यासाठी गंजीत हात घालून पाहा लागते. आपण पोरीचं नुसतं वजनच केलं." आयुष्यभर काट्याशी इमान राखलेल्या माणसाचे हे बोलणे मला डॉक्टरांच्या बोलण्याइतकेच लागले. आणि या हिशेबाची दुसरी बाजूही मला दिसली. माझा चार पोळ्या खाणारा मुलगा दिसायला सडपातळ. पण पोट सुटलेले. त्याचीही तपासणी करून घेतली. त्याची साखर आजीच्या वळणावर चालली होती. बारीक म्हणून त्याला कोणी तपासले नव्हते, जाड म्हणून हिला कोणी तपासले नव्हते.

मन घट्ट नाही, हा माझा सर्वांत जुना आरोप. तोही टिकला नाही. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिनचा जनुक शोधला, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. चरबीच्या पेशी स्वतः मेंदूला साठ्याची वर्दी देत असतात आणि साठा घटला की मेंदू भूक वाढवतो. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील 14 जणांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे वजन पुन्हा वाढले होते आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते. माझी लेक ते 14 किलो टिकवू शकली नाही, तेव्हा ती आपल्याच शरीराच्या या बचावाशी एकटी झुंजत होती. आणि मी तिला टोमणे मारून मदत करते आहे, असे समजत होते.

टोमण्यांनी वजन उतरते, हाही समजच. 2013 मध्ये अमेरिकेतील सुमारे सहा हजार प्रौढांच्या एका पाहणीत असे दिसले की, ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला, ते पुढील चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट होती. लाज वाटलेला माणूस मैदानावर जात नाही, लपून खातो, दवाखाना टाळतो. 2020 मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन' नियतकालिकात एकत्र निवेदन करून लठ्ठपणावरून हिणवणे थांबवण्याचे आवाहन केले. ते निवेदन परदेशी असले, तरी त्यातली मुलगी मला आमच्या माजघरात बसलेली दिसली.

उपचार सुरू झाले. त्यांत चमत्कार कोणताही नव्हता. पहिला बदल ताटाचा. पण तो एकटीच्या नव्हे, सर्वांच्या ताटाचा. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, ताक. तेलाचा डबा महिन्याऐवजी दीड महिना पुरू लागला. उपास बंद झाले. साबुदाण्याची खिचडी खाऊन आपण उपास करतो म्हणजे नेमके काय करतो, हेही कळले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिले. झोपेची वेळ ठरली. संध्याकाळी ती आणि तिचे बाबा पाऊण तास चालू लागले. पहिले काही दिवस रस्त्यावरची पोरे हसत. बाबा बरोबर असत म्हणून ती चालत राहिली.

मार्च 2025 मध्ये टिर्झेपटाइडचे आणि जूनमध्ये वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन आपल्या देशात बाजारात आले, तेव्हा आम्ही डॉक्टरांना त्याविषयी विचारले. आठवड्यातून एकदा घ्यायची ही औषधे भूक आणि तृप्ती यांच्या संदेशांवर काम करतात. परीक्षणांत सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के, तर टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने 72 आठवड्यांत सुमारे 21 टक्के वजन उतरले. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता असे त्रास संभवतात. गर्भधारणेचा विचार असेल तर ती वेळेत थांबवावी लागतात. आणि औषध बंद केले की, उतरलेल्या वजनाचा मोठा भाग बहुधा परत येतो. रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब वाढतो, तसेच हे. खर्चही महिन्याला हजारोंच्या घरात. मी म्हणाले, माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. लेक म्हणाली, "आता साखर आटोक्यात येते आहे. मला आणखी एक वर्ष पाहू दे. लागलेच तर घेईन, आणि घेतले तर लपवणार नाही." निर्णय तिचा होता. ओळखीतल्या एका मुलीविषयी "सुई टोचून बारीक झाली, त्यात काय मोठं" असे बोललेले तिने ऐकले होते. जाड असले तरी दोष, उपचार घेतले तरी दोष.

आज तिचे वजन 84 किलो आहे. दोन वर्षांत सात किलो. लग्नकार्यात भेटणाऱ्या बायकांच्या डोळ्यांना हे सात किलो दिसत नाहीत; त्यांच्या लेखी ती अजून तेवढीच. पण वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी शरीराला लाभ होतो, हे आम्ही अहवालांतून पाहिले. एचबीएवनसी 5.6 वर आली. पाळी महिन्याच्या महिन्याला येते. दुपारची ग्लानी गेली.

माझे औषधपाणीही चालू आहे. जुनी सवय एका दिवसात जात नाही. मागच्या महालक्ष्म्यांना तिने दुसरी पुरणपोळी घेतली, तेव्हा माझी नजर नकळत तिच्या ताटाकडे गेली. तिने ती पकडली. "आई, मोजलीस ना?" मी हो म्हणाले आणि क्षमा मागितली. ती हसली आणि पोळीवर तूप वाढ म्हणाली. मी वाढले.

वाचकांना, विशेषतः आयांना, चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलाच्या किंवा मुलीच्या मानेवर, काखेत असा काळसर पट्टा दिसला, मुलीची पाळी लांबत असली, कोणी फार घोरत असेल, तर रागावण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या. जवळच्या शासकीय रुग्णालयातही साखर तपासता येते. घरात एकासाठी वेगळे ताट करू नका; बदलायचे तर साऱ्यांचे बदला. वजनाचा विषय पाहुण्यांसमोर आणि जेवताना काढू नका. आणि मूल जेवण टाळू लागले, एकटे राहू लागले, तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे मोफत बोलता येते. लठ्ठपणा गंभीर आहे, तो दुर्लक्षू नये, हे मी मान्य करते. म्हणूनच तर तो टोमण्यांवर सोपवून चालणार नाही.

यंदाच्या दिवाळीत लेक म्हणाली, "आई, पाठीला उटणे लावून दे." कितीतरी वर्षांत तिने असे म्हटले नव्हते. बंबात लाकडे सारून मी बसले. तिने केस वर बांधले. पट्टा फिकट झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. कदाचित जाणारही नाही. मी मानेवर बोटांनी हलकेच उटणे लावले.

"आग होते का गं?" मी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "पाणी घाल आता, थंडी वाजते."